पुराणकथा घडलेल्या मानत नसलो, तरी त्यांत स्वतःपुरता आध्यात्मिक अर्थ सापडू शकतो का?

तुम्ही लिहिलंय की जोसेफ कॅम्पबेलच्या 'नायकाच्या प्रवासा'बद्दल वाचलंत, आवडलंही. पण पुराणकथा खऱ्या घडल्या असं तुम्ही मानत नाही, आणि तो नकाशा स्वतःच्या आयुष्यावर ठेवून पाहिला तर काहीच जुळत नाही. मग यातून अध्यात्म म्हणावं असं काही हाती लागतं का, असा तुमचा प्रश्न आहे.

लागतं. मला मात्र ते नकाशातून लागलं नाही, एका कथेतल्या एका जागेतून लागलं.

कॅम्पबेलने १९४९ साली मांडलेला साचा थोडक्यात असा: नायकाला हाक येते, तो घर सोडतो, अनोळखी मुलखात कसाला लागतो आणि काहीतरी कमावून परत येतो. जगभरच्या कथा शेजारी ठेवून त्याने हे दाखवलं, ते काम मोठंच आहे. पण साचा सगळ्यांना बसवायचा तर कथेतले टोचणारे तपशील गाळावे लागतात, आणि माणूस अडकतो तो नेमका त्या तपशिलांत.

माझी आजी पहाटे अंथरुणातच बसून म्हणायची, 'कर्कोटकस्य नागस्य दमयन्त्या नलस्य च । ऋतुपर्णस्य राजर्षेः कीर्तनं कलिनाशनम् ॥' या चौघांची नावं घेतली की कलीचा नाश होतो. मला ते ऐकून ऐकून पाठ झालं होतं. अर्थ कधी विचारला नाही.

चाळिशीत मी शेअर बाजारात ऑप्शनचे सौदे, म्हणजे भाव चढेल की पडेल यावर पैसे लावणं, करायला लागलो. आधी थोडा नफा, मग तोटा, मग तोटा भरून काढायला कर्ज. घरी कुणालाच सांगितलं नाही. शेवटी दुसऱ्या शहरात नोकरी धरली आणि निघालो. पहाटेची गाडी होती. बायको झोपली होती, तिला उठवलं नाही.

तिथल्या खोलीवर एकटा असताना महाभारताच्या वनपर्वातली नळ राजाची गोष्ट मराठी भाषांतरातून पहिल्यांदा पूर्ण वाचली. कली नावाचा दुष्ट देव अंगात शिरतो आणि नळ द्यूतात राज्य हरतो. अंगावरचं वस्त्रही पक्षी घेऊन उडतात. रानात बायकोला, दमयंतीला, झोप लागल्यावर तिचं अर्धं वस्त्र कापून घेऊन तो निघून जातो. थोडं जातो, परत येतो, पुन्हा जातो. त्याच्या या जाण्यायेण्याला महाभारतात झोक्याची उपमा दिली आहे. त्या ओळीवर मी पुस्तक मिटलं. पुढचे काही दिवस उघडलं नाही.

इथे साचा तुटतो. नळाला कुठली हाक आलेली नाही, तो पळालाय. शोध घेते ती दमयंती. चहूकडे ब्राह्मण पाठवते, त्यांच्या तोंडी एकच प्रश्न देते: अर्धं वस्त्र कापून, झोपलेल्या मला रानात टाकून, जुगाऱ्या, कुठे गेलास? इकडे वणव्यातून वाचवलेला कर्कोटक नळालाच चावतो. त्याचं रूप जातं, आणि तो बाहुक या नावाने अयोध्येत ऋतुपर्ण राजाचा सारथी होतो. पण नागाचं विष नळाला जाळत नाही, त्याच्या आत शिरलेल्या कलीला जाळतं. आजीच्या श्लोकात नागाचं नाव पहिलं का, ते मला तेव्हा कळलं.

आता ज्या जागेने मला धरलं ती सांगतो. बाहुक म्हणजेच नळ असावा या संशयाने दमयंतीने माहेराहून, विदर्भातून, ऋतुपर्णाला आपल्या दुसऱ्या स्वयंवराची खोटीच बातमी पाठवलीय, आणि अयोध्येहून विदर्भात एका दिवसात पोचायचंय. (विदर्भाची ती राजधानी कुंडिनपूर म्हणजे अमरावती जिल्ह्यातलं, वर्धा नदीकाठचं कौंडण्यपूर, असं परंपरा मानते.) वाटेत ऋतुपर्ण एका बेहड्याच्या झाडाकडे पाहून सांगतो, या दोन फांद्यांवर पानं पाच कोटी आणि फळं दोन हजार पंच्याण्णव. बाहुक रथ थांबवतो. मी मोजून बघणार, म्हणतो. राजा म्हणतो, उशीर होतोय. बाहुक हलत नाही. मोजतो, आणि आकडा तंतोतंत जुळतो. मग ऋतुपर्ण त्याला फाशांची विद्या देतो, आणि त्याच क्षणी कली विष ओकत नळाच्या अंगातून बाहेर पडतो.

बेहडाच का? कारण त्या काळचे फासे बेहड्याच्या बियांचे असत. ऋग्वेदातल्या जुगाऱ्याच्या सूक्तातही तेच फासे आहेत. अभ्यासक सांगतात की बियांची संख्या चाराने भागत, आणि बाकी एक उरली तर त्या हरणाऱ्या डावाचं नाव 'कली'. म्हणजे ज्याने नळाचं सगळं गेलं, तेच तो भर दिवसा, रस्त्यात थांबून, एकेक करून मोजतोय.

एव्हाना बँकेच्या पत्रांवरून बायकोला कळलं होतं. ती आली, खोलीतल्या एकुलत्या खुर्चीवर बसली आणि म्हणाली, "एकूण किती?" मी म्हटलं, "बरेच." "बरेच म्हणजे किती?" मला खरंच माहीत नव्हतं. तीन वर्षांत एकदाही बेरीज केली नव्हती. ती परत गेल्यावर मी दोनशे पानी वही आणली आणि एकेक सौदा तारखेनिशी लिहून काढला. तीन रात्री लागल्या. चौदा लाख साठ हजार. आकडा लिहून झाला तेव्हा हात कापत होता, पण कित्येक महिन्यांनी झोप लागली.

कली नावाचा कुणी होता की नव्हता, हा प्रश्न त्या रात्री माझ्यासाठी संपला. ज्याला मी अध्यात्म म्हणतो ते एवढंच आहे: ज्याच्याकडे बघवत नाही ते मोजायला बसणं, आणि आपल्या आधी कुणीतरी असंच बसलं होतं हे ठाऊक असणं. ही गोष्ट बृहदश्व ऋषी सांगतात तीही युधिष्ठिराला, नुकतंच सगळं द्यूतात हरलेल्या माणसाला. कथा कुणाला आणि कधी सांगायची, ते त्यांना पक्कं माहीत होतं.

म्हणून मी सुचवेन, साचा तूर्त बाजूला ठेवा. लहानपणी ऐकलेली एखादी कथा घ्या, जिच्यातल्या एखाद्या प्रसंगाचा तुम्हाला अजून राग येतो किंवा लाज वाटते. ती सविस्तर, मुळाच्या जवळच्या भाषांतरातून वाचा. जिथे पुस्तक मिटावंसं वाटेल ती पानं पुन्हा वाचा. महिनोन्महिने काही होणार नाही. होऊ दे तसंच.

आणि लगेच सगळं सुधारेल असंही धरू नका. कली गेल्यावरही नळाचं रूप परत आलेलं नसतं. कुंडिनपुरात तो बाहुक म्हणूनच पोचतो, आणि दमयंती त्याला तशीच घरात घेत नाही. केशिनी दासीला पाठवून त्याने शिजवलेलं अन्न आणवते, चाखून बघते, मुलांना त्याच्यापुढे धाडते. या परीक्षेचा मला पूर्वी फार राग यायचा. आम्ही आता एकत्र राहतो. माझी बायको दर महिन्याला जमाखर्चाची वही तपासते. पहिलं वर्षभर ते जड गेलं. हल्ली एक तारखेला चहा झाला की वही मीच तिच्यापुढे ठेवतो.