टॉप बॉक्स किती लिटरचा घेऊ?

प्रश्न : माझी रॉयल एनफिल्डची हिमालयन ४११ बाईक आहे. रोज सातपूर एमआयडीसीत जाणं-येणं आणि महिन्यातून एखादी ट्रिप, मागे बायको असते. मागे लावायला टॉप बॉक्स घ्यायचाय. मित्र म्हणतात घेतोच आहेस तर ५८ लिटरचाच घे, सारखा सारखा खर्च नको. आणि ॲल्युमिनियम घेऊ का प्लॅस्टिक?
– एक वाचक, इंदिरानगर

उत्तर : दादा, मित्रांना चहा पाजा पण हे त्यांचं ऐकू नका. लिटर नंतर बघू, आधी मागच्या कॅरियरला किती किलो झेपतं ते मॅन्युअलमध्ये बघा, आणि त्यात बॉक्सचं स्वतःचं वजनही धरायचं असतं हे निम्म्या लोकांच्या डोक्यातच येत नाही. समजा कॅरियरला १० किलो चालतं, बॉक्स ५ किलोचा, तो कॅरियरवर बसवायची प्लेट १ किलोची, म्हणजे सामानाला उरले ४ किलो! आता ५८ लिटरच्या डब्यात ४ किलोच ठेवून कोण थांबतं हो, जागा दिसली की माणूस कोंबतोच.

मीही कोंबलंय. फेब्रुवारीत ठाण्याला बहिणीकडे निघालो होतो, बॉक्समध्ये द्राक्षं ठासून भरलेली, वर टूलकिट, आणि इगतपुरीच्या अलीकडे ८०-८५ ला हँडल असं काही हलायला लागलं की मला वाटलं टायर बसला. टायर धडधाकट होता. हा डबा मागच्या चाकाच्याही मागे लटकतो ना, त्यामुळे तिथलं वजन तरफेसारखं पुढचं चाक हलकं करतं आणि गाडी डुलायला लागते. कसारा घाट ४० ने उतरलो. द्राक्षांचा तोवर ज्यूस झाला होता.

तेव्हा जड सगळं म्हणजे टूल, पाण्याच्या बाटल्या, साखळीचं कुलूप हे दोन्ही बाजूंच्या सॅडलबॅगेत खाली टाका आणि वरच्या डब्यात जॅकेट, रेनकोट, हेल्मेट असलं हलकंच. ४५-४७ लिटरमध्ये साधारण दोन फुलफेस हेल्मेट बसतात, पण दुकानात स्वतःची हेल्मेट घालून बघा, काहींचा आकारच असा असतो की झाकण लागत नाही.

प्लॅस्टिक घ्या. ॲल्युमिनियम दिसतं भारी पण रोज कंपनीच्या पार्किंगमध्ये त्या कोपऱ्यांनी कुणाची तरी गाडी ओरबाडाल. आणि वॉटरप्रूफ लिहिलंय म्हणून निवांत राहू नका, त्र्यंबकच्या बाजूचा जुलैतला पाऊस रबराच्या कडेतून पण वाट काढतो, कपडे प्लॅस्टिकच्या पिशवीतच ठेवा.

प्लेट मात्र तुमच्याच मॉडेलची घ्या, वेल्डिंगवाल्याकडून जुगाड नको, आणि पहिल्या दोनेकशे किलोमीटरनंतर नटबोल्ट परत आवळा.

बुकिंगचे पैसे द्यायच्या आधी वहिनींना दुकानात नेऊन डेमो बॉक्स लावलेल्या गाडीवर बसवा. बॉक्स पुढे सरकवून लावला तर गाडीला बरं पण पाठीत रुततो, मागे सरकवला तर उलटं, तर तो नेमका कुठे बसवायचा हे त्याच सांगतील.