बालवाडीत मुलं मारामारी करतात, ऐकत नाहीत. स्टार चार्ट लावू का?

तुमच्या प्रश्नाचा गोषवारा असा: 3 ते 4 वर्षांची वीसेक मुलं, त्यातला एक जण सारखा ढकलतो-मारतो, त्याचं बघून बाकीचीही सुरू झालीत, आणि ‘शहाण्यासारखं वागलं की रोज एक स्टार’ असा तक्ता भिंतीवर लावावा का? नका लावू. पुढचं वाचलं नाहीत तरी चालेल, पण तो तक्ता लावू नका.

मी ज्या शाळेत होते तिथे असाच तक्ता होता. डावीकडे सगळ्यांची नावं, पुढे रोजच्या चौकोनात सोनेरी चांदणी. कल्पना मुख्याध्यापिकांची, म्हणजे चर्चेचा प्रश्नच नव्हता. माझ्या वर्गातल्या एका मुलाची ओळ कायम कोरी. त्या वयाच्या पोराला वाचता येत नसलं तरी आपल्या ओळीत काही नाही हे बरोबर कळतं, आणि वर्गातल्या इतरांनाही कळतं. कुणाचा ठोकळ्यांचा मनोरा पडला की मुलं मागे वळून न बघताच याचं नाव घ्यायची. एकदा तर तो शाळेत आलाच नव्हता, तरी घेतलं.

मग मी एक वही केली. तो कधी ढकलतो, कुणाला, आणि त्याआधी नेमकं काय चाललं होतं, एवढंच टिपायचं. थोड्याच दिवसांत लक्षात आलं की खेळताना तो क्वचितच कुणाच्या वाटेला जातो. गोष्ट ऐकताना तर कधीच नाही. सगळी ढकलाढकली हात धुवायच्या रांगेत आणि चपला घालून बाहेर निघायच्या वेळी. म्हणजे जिथे नुसतं उभं राहायचं तिथे. नळ दोन, मुलं एवढी; शेवटच्याचा नंबर लागेपर्यंत मोठ्या माणसाचाही जीव कंटाळला असता. त्यात याला आवरायला वेळ लागायचा म्हणून हा नेहमी शेवटी. पुढचा हलत नाही म्हटल्यावर दोन्ही तळवे त्याच्या पाठीवर टेकवून अंगाचा सगळा भार द्यायचा. त्याच्या लेखी ते मारणं नव्हतंच, तो रांग पुढे सरकवत होता.

मी रांगच बंद केली. सगळ्यांनी गालिच्यावर गाणी म्हणत बसायचं आणि चार-चार जणांनी नळावर जायचं. याला पहिल्या चौघांत घेतलं आणि टॉवेलचं काम दिलं: ज्याचा त्याचा टॉवेल ओळखून हातात द्यायचा. काम खरं होतं, मन राखण्यापुरतं नव्हतं. तो जागेवर नसला की मुलं ओले हात घेऊन ताटकळायची आणि त्याच्या नावाने हाका मारायची. शिवाय आवरायची वेळ झाली की लांबून ओरडायच्या ऐवजी त्याच्याजवळ जाऊन, खाली बसून, “अजून दोन ठोकळे लाव, मग आवरायचंय” असं सांगायला लागले. ढकलणं जवळपास थांबलं.

आणि मग पालकसभा. मुख्याध्यापिकांनी तोच तक्ता उंच धरून सांगितलं, बघा, या मुलालाही आता स्टार मिळायला लागले, तक्त्याचा केवढा उपयोग! अहो, तो ढकलत नव्हता म्हणून स्टार मिळत होते. मी तिथल्या तिथे बोलले. चारचौघांत बोलायला नको होतं, असं नंतर मला ऐकवण्यात आलं. आजही बोलेन.

मुख्याध्यापिकाबाईंचं म्हणणं, “बक्षिसाने कधी कुणाचं वाईट झालंय का?” झालंय, आणि ते मोजलेलंही आहे. लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांचा 1973 सालचा प्रयोग प्रसिद्ध आहे. बालशाळेतली 3 ते 5 वर्षांची मुलं घेतली, स्केचपेनने चित्रं काढायला मुळातच आवडणारी. काहींना आधीच सांगितलं, चित्र काढलंस तर सोनेरी शिक्का आणि रिबीन लावलेलं प्रमाणपत्र मिळेल. काहींना ते अचानक दिलं, काहींना दिलंच नाही. पुढे तेच पेन वर्गात मोकळे ठेवले, तर आधी आमिष दाखवलेल्या मुलांनी इतरांच्या साधारण निम्माच वेळ त्यांत घालवला. बाई म्हणाल्या, हे आवडीच्या कामाचं झालं, वागणुकीचं काय? तर वॉर्नेकेन आणि टोमासेलो यांनी 2008 मध्ये 20 महिन्यांच्या बाळांवरचा अभ्यास छापला. मदत केल्याबद्दल वस्तू मिळालेली बाळं पुढे कमी मदत करायला लागली. नुसतं तोंडी कौतुक झालेल्यांचं तसं झालं नाही. माझ्या वर्गातल्या त्या मुलाच्या टॉवेलवाटपाला स्टार लावला असता तर तो टॉवेल देता देता भिंतीकडे बघायला लागला असता.

तुमच्या बाकीच्या मुलांबद्दल थोडक्यात. दिवसभरात मुलं रिकामी कधी उभी असतात ते आधी मोजा. बहुतेक भांडणं तिथेच सापडतील. गोलात दहा-पंधरा मिनिटांपेक्षा जास्त बसवू नका. “धावू नका” म्हणण्यापेक्षा “चाला” म्हणा, या वयात नकारातून काय करायचं ते काढणं जड जातं. मारामारी झाली की आधी ज्याला लागलंय त्याच्याकडे जा, मारणाऱ्याकडे नंतर. जबरदस्तीचं सॉरी घेऊ नका, त्यापेक्षा ओला रुमाल आणायला पाठवा.

हे आधीच सांगायला हवं होतं, पण माझ्या वर्गात मदतीला मावशी होत्या. एकटीने गालिचा आणि नळ दोन्ही सांभाळणं कठीण. तुम्ही एकट्या असाल तर निदान मुलाला रांगेच्या तोंडाशी, तुमच्या हाताशी ठेवा. आणि मूल सगळीकडेच, घरीदारी, खेळतानाही मारत असेल किंवा हाक मारून वळतच नसेल, तर माझी वही पुरेशी नाही. आधी कान तपासून घ्यायला सांगा. या वयात सर्दीनंतर कानाच्या पडद्यामागे पाणी साचून कमी ऐकू येणं अगदी सर्रास असतं, आणि अशा मुलावर ‘ऐकत नाही’ हा शिक्का फार लवकर बसतो.

वरून दबाव आला आणि तक्ता लावावाच लागला, तर नावांचा लावू नका. दिवसाच्या क्रमाचा लावा: खेळ, आवरणं, हात धुणं, डबा, गोष्ट, प्रत्येकाचं एक चित्र, मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर. पुढे काय आहे ते कळलं की निम्मी कटकट तशीही कमी होते. तपासणीला कुणी आलंच तर भिंतीवर तक्ता आहे, असं सांगता येतं.