ओळखी वाढव, पण झोप मोडून नको

नोकरीला लागल्यावर पहिली दोन वर्षं मी एकही कार्यक्रम चुकवला नाही. व्हिजिटिंग कार्डांचा गठ्ठा जमला, पाठ धरली, आणि पुढे खरोखर संबंध टिकले ते जेमतेम चार जणांशी. म्हणून तुला कळकळीने सांगतोय.

मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये मांडलं, की नव्या नोकरीची खबर बऱ्याचदा जिवलग मित्रांपेक्षा अधूनमधून भेटणाऱ्या ओळखीच्यांकडून येते. जवळच्यांना जे माहीत असतं, ते आपल्यालाही आधीच ठाऊक असतं ना! तेव्हा रोज नवे चेहरे शोधत फिरू नकोस. आठवड्यातून एकदा एखाद्या जुन्या सहकाऱ्याला फोन कर, त्याचं कसं चाललंय विचार. काही मागायचं नसताना केलेला फोन माणसं विसरत नाहीत.

तो फोन चालता चालता कर. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते, म्हणजे पाच दिवस अर्धा तास भरभर चालणं. रात्रीची सात तास झोप मात्र कुणासाठीही सोडू नकोस.

राहिलं समाधान. ते बढतीत शोधलंस तर वर्षानुवर्षं वाट बघशील. दर शुक्रवारी हातावेगळी केलेली तीन कामं वहीत लिही, बारीकसारीक असली तरी. माझ्या वहीत सगळ्यात जास्त वेळा आलेली नोंद आहे, ‘नव्या मुलाला काम समजावलं.’