‘इतकी वर्षे मी चुकीचेच शिकवले का?’

नोकरी सांभाळून साक्षरता आणि भाषाशिक्षण या विषयांत पदव्युत्तर शिक्षण घेणारे शिक्षक समुपदेशनासाठी येतात, तेव्हा बहुतेकांचे पहिले वाक्य ‘आता या वयात अभ्यास झेपत नाही’ हेच असते. वेळेची ओढाताण, शोधनिबंधांची जड भाषा, संख्याशास्त्राची धास्ती ही कारणे खरीच असतात आणि त्यांवर उपायही असतात. परंतु काही जणांच्या बाबतीत या कारणांच्या मागे एक निराळीच बोच दडलेली असते. ती ओळखली नाही, तर वेळापत्रक कितीही नीट बसवून दिले तरी ती व्यक्ती अभ्यासक्रम सोडून जाते. अशाच एका शिक्षिकेचा अनुभव त्यांच्या संमतीने आणि ओळख पटेल असे सारे तपशील बदलून येथे सांगत आहे.

प्राथमिक वर्गांना चौदा वर्षे भाषा शिकवलेल्या या बाई पहिले सत्र संपता संपता माझ्याकडे आल्या, त्या प्रवेश रद्द करण्याचा अर्ज भरूनच. अभ्यास झेपत नाही, असे त्यांनी सांगितले. मी त्यांच्या गृहपाठाचे गुण विचारले, तर ते उत्तम होते. वाचन वेळेत पूर्ण होत होते, घरच्यांचीही साथ होती. मग कोणता भाग जड जातो, असे विचारल्यावर त्या बराच वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, ‘जड काही जात नाही. समजते, हाच त्रास आहे. इतकी वर्षे मी चुकीचेच शिकवले का, हा प्रश्न डोक्यातून जात नाही.’

त्यांच्या मनात एक मुलगा होता. गोष्टी रंगवून सांगणारा, पण पुस्तक हाती आले की अडखळणारा. वानराचे चित्र पाहून, खाली ‘वानर’ असे लिहिलेले असताना, तो ‘माकड’ असे वाचायचा. बाई त्याला शाबासकी देत, कारण अडलेला शब्द चित्रावरून आणि संदर्भावरून ओळखावा, अक्षर न् अक्षर लावत बसू नये, असेच त्यांना प्रशिक्षणात शिकवले गेले होते. पुढच्या इयत्तेत पुस्तकांतली चित्रे कमी झाली आणि त्या मुलाचे वाचन जवळजवळ थांबले. ‘घरी सराव कमी पडतो’ असा शेरा त्याच्या प्रगतिपुस्तकात बाईंनीच लिहिला होता.

आता अभ्यासक्रमात त्यांनी गफ आणि टनमर या संशोधकांनी 1986 मध्ये मांडलेले वाचनाचे साधे प्रारूप वाचले. वाचून अर्थ समजणे हा लिपीची उकल, म्हणजे अक्षरांवरून शब्द वाचता येणे, आणि ऐकलेल्या भाषेचे आकलन या दोन क्षमतांचा गुणाकार आहे, असे ते प्रारूप सांगते. बेरीज नव्हे, गुणाकार, त्यामुळे दोहोंपैकी एक शून्याजवळ असेल तर दुसरी कितीही भक्कम असली तरी उत्तर शून्याजवळच राहते. त्या मुलाचे भाषेचे आकलन उत्कृष्ट होते. कच्ची होती ती लिपीची उकल, आणि नेमकी तीच टाळून पुढे जायला आपण त्याला शिकवले, हे बाईंना त्या एका ओळीत दिसले.

अशा वेळी ‘तुमची काही चूक नाही’ असे म्हणून मोकळे होण्याचा मोह समुपदेशकाला होतो. मी तसे म्हटले नाही, कारण ते खरे नव्हते आणि त्यांनाही ते पटले नसते. त्यांच्या शिकवण्यामुळे एका मुलाचे काही अंशी नुकसान झाले असण्याची शक्यता होती, आणि हे मान्य करणे हा प्रामाणिक शिक्षकाचा हक्क आहे, असे मी मानतो. मात्र जी माहिती तेव्हा हाती नव्हती, ती हाती असूनही केलेल्या दुर्लक्षाच्या मापाने स्वतःला तोलणे हा अन्याय आहे, एवढे मी त्यांना स्पष्टपणे सांगितले.

त्यांनी वाचलेल्याच विषयातील एक हकीकतही त्यांच्यासमोर ठेवली. वाचन हा संदर्भावरून अंदाज बांधण्याचा खेळ आहे, हा विचार वाचनाचे अभ्यासक केनेथ गुडमन यांनी 1967 मध्ये मांडला आणि तो पुढे अनेक देशांतील वर्गांत पोहोचला. कीथ स्टॅनोविच आणि रिचर्ड वेस्ट या संशोधकांनी पदव्युत्तर शिक्षणाच्या काळात या प्रश्नावर काम सुरू केले, तेव्हा त्यांचीही अपेक्षा हीच होती की तरबेज वाचक शब्द ओळखताना संदर्भाचा अधिक आधार घेत असतील. प्रयोगांतून उलटेच दिसले. तरबेज वाचक शब्द थेट आणि चटकन ओळखतात, संदर्भावर अधिक भिस्त ठेवतात ते अडखळणारे वाचक. आपले गृहीतक मोडले म्हणून त्या दोघांनी विषय सोडला नाही, त्या मोडण्यातूनच पुढचे संशोधन उभे राहिले. बाईंनी या दोघांचा निबंध परीक्षेसाठी वाचला होता, पण तो लिहिणारेही एके काळी आपल्यासारखेच मानत होते, याकडे त्यांचे लक्ष गेले नव्हते.

त्यानंतर मी त्यांना एक काम दिले: आठवतील तितक्या मुलांविषयी वहीत लिहायचे, दोषारोप न करता, फक्त मूल काय करत होते तेवढेच. दुसऱ्या भेटीत त्या अकरा मुलांची टिपणे घेऊन आल्या. त्यांत एक मुलगी होती, जिची घरची भाषा वेगळी होती. खेळताना ती शाळेची भाषा सफाईने बोले, पण परिच्छेद वाचून उत्तरे लिहिताना मागे पडे, म्हणून बाईंनी तिला आळशी ठरवले होते. द्विभाषिक शिक्षणाचे अभ्यासक जिम कमिन्स यांनी 1979 पासून मांडलेला भेद येथे तंतोतंत लागू पडत होता: रोजच्या संभाषणाची भाषा साधारण दोन वर्षांत येते, अभ्यासाची भाषा यायला मात्र पाच किंवा त्याहून अधिक वर्षे लागू शकतात. पण त्याच वहीत अशीही मुले होती, ज्यांना बाई रोज मोठ्याने गोष्टी वाचून दाखवत, नवे शब्द बोलण्यात पुन्हा पुन्हा आणत, आणि ज्यांचे आकलन त्यातून वाढलेले दिसत होते. चौदा वर्षांपैकी कोणता भाग टिकवायचा आणि कोणता बदलायचा, हे त्यांना प्रथमच वेगवेगळे दिसू लागले. माझ्या मते अनुभवी शिक्षकाने हा अभ्यास करण्याचे सर्वांत मोठे कारण हेच आहे. नवख्या विद्यार्थ्याला प्रारूप पाठ होते, पण त्या प्रारूपात बसवून पाहायला त्याच्याजवळ मुले नसतात.

व्यावहारिक बाबी त्या मानाने लवकर सुटल्या. पुढच्या सत्रात त्यांनी दोनऐवजी एकच विषय घेतला. शोधनिबंध पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत न वाचता आधी प्रश्न, मग सहभागी मुले कोण होती आणि मोजले काय, आणि शेवटी निष्कर्ष, असा क्रम त्यांनी लावून घेतला.

प्रवेश रद्द करण्याचा तो अर्ज त्यांनी तिसऱ्या भेटीत माझ्यासमोर फाडला नाही, घडी करून पुन्हा पिशवीत ठेवला. लागलाच तर असू द्यावा, असे त्या म्हणाल्या आणि मीही आग्रह धरला नाही. आता त्या दुसऱ्या वर्षात आहेत. बोलण्यात पुढे आणि वाचनात मागे असलेल्या मुलांना लवकर कसे ओळखावे, हा त्यांच्या लघुप्रबंधाचा विषय आहे. तो मुलगा पुढे वाचायला शिकला की नाही, हे त्यांना आजही ठाऊक नाही. त्यांच्या वर्गात मात्र आता ‘वानर’च्या जागी ‘माकड’ वाचले गेले, तर त्या अर्थ बरोबर लागल्याचे सांगतात आणि मग मुलाचे बोट पहिल्या अक्षरावर ठेवून विचारतात, ‘इथे कोणता आवाज आहे?’