उतारावरचा दगडी गडगा: दोन बुटके बांधा, एक उंच नको

गोव्याच्या सत्तरी, फोंडा आणि सांगे भागांतून उतारावरच्या कुळागरांविषयी (पोफळीच्या बागांविषयी) आणि घरामागच्या बागांविषयी आलेले प्रश्न इथे एकत्र घेतले आहेत. गेल्या पावसात चिऱ्यांची (जांभ्या दगडाच्या ठोकळ्यांची) भिंत पोट सुटून कोसळली, ती पुन्हा कशी उभारावी; दगड कोणता घ्यावा; सिमेंट किती घालावे; सरकारी मदत मिळते का, असे ते प्रश्न. मेर, म्हणजे उतारावर माती अडवणारा बांध, का घालायची हे कुळागरवाल्यांना सांगायला नको, म्हणून थेट कामाला लागू.

पडलेल्या भिंतींची वर्णने जवळपास सारखीच आहेत. एका चिऱ्याच्या जाडीची, ओळंब्यात सरळ उभी, सांधे सिमेंटने गच्च, पाणी बाहेर पडायला एकही भोक नाही आणि मागे जेसीबीने ढकललेला भराव. अशी भिंत पाडते ते पाणी. दोन मीटर उंच भिंतीमागे पाणी काठोकाठ तुंबले तर दर धावत्या मीटरला निव्वळ पाण्याचा रेटा सुमारे दोन टन होतो, मातीचा वेगळा. गोव्यात वर्षाला सरासरी ३००० मिमीच्या आसपास पाऊस पडतो, घाटाच्या पायथ्याशी त्याहून जास्त, आणि बहुतेक सगळा चार महिन्यांत. बंद भिंतीमागे पाणी तुंबणारच.

त्यावर सिमेंटवाल्याचा सल्ला ठरलेला: 'माल जरा कडक करा, दोन बॅगा वाढवा.' ऐकू नका. सिमेंट वाढवल्याने मागचे पाणी कमी होत नाही. उलट उरलेसुरले सांधेही बंद होतात आणि भिंत पडते तेव्हा एकसंध पडते, खालची दोन पोफळे घेऊन. एक मीटर उंचीपर्यंत सिमेंट लागतच नाही. कोरडा गडगा, म्हणजे दगडावर दगड बसवलेला, फटींतून पाणी सोडणारा, हाच आपल्या पावसाला योग्य. जुन्या कुळागरांतल्या मेरा तशाच आहेत.

पडलेल्या जागी पुन्हा तेवढीच उंच भिंत उभी करू नका. दोन मीटरची पातळी मिळवायची असेल तर एक-एक मीटरचे दोन गडगे घाला आणि दोहोंत निदान दोन मीटरची पट्टी सोडा, म्हणजे खालच्या गडग्याच्या उंचीच्या दुप्पट. त्याहून जवळ आणला तर वरच्याचा भार खालच्यावर येतो आणि एक उंच भिंत बांधल्यासारखेच होते. मधल्या पट्टीत अननस, हळद, आले, मिरवेल काहीही घ्या, जागा वाया जात नाही. एकाच भिंतीने दीड मीटरच्या वर जायचेच असेल, किंवा वर घर, रस्ता वा टाकी असेल, तर अभियंत्याकडून आराखडा करून घ्या. तिथे गवंड्याचा अंदाज चालत नाही.

आता माप. उंची एक मीटर धरली तर पायाशी रुंदी ६० सेंमी, माथ्याला ४० सेंमी. मागची बाजू उभी ठेवली तरी चालेल. दर्शनी बाजू मात्र मागे, उताराकडे, कललेली हवी: दर मीटर उंचीला १५ ते २० सेंमी. दोन टोकांना लाकडी चौकटी उभ्या करून दोरी बांधा आणि प्रत्येक थराला ती वर सरकवा. नुसत्या नजरेने कल राहत नाही. पाया ३० सेंमी खोल, पण खाली भराव किंवा भुसभुशीत माती लागली तर मूळ घट्ट जमीन लागेपर्यंत खणा. पायाचा तळ उताराच्या आत झुकता घ्या, ६० सेंमी रुंदीत सुमारे ६ सेंमी. तळ बाहेर झुकला की सगळा गडगा सरकतो, वरचे काम कितीही चांगले असो.

सगळ्यांत मोठे दगड खाली. प्रत्येक दगडाची लांबी आत, उताराकडे. छोटे तोंड बाहेर. दर्शनी भिंत देखणी दिसावी म्हणून गवंडी दगड आडवा लावतो, लांब बाजू बाहेर. त्याने दगडही कमी लागतात, म्हणून ठेकेदारालाही तेच आवडते. तसा थर दिसला तर तिथेच काढायला लावा. एका दगडावर दोन, दोनांवर एक अशी सांधेमोड ठेवा. उभा सांधा सलग दोन थर चढू देऊ नका. अर्ध्या उंचीवर दर मीटरला एक लांब दगड गडग्याच्या पूर्ण जाडीतून आरपार बसवा. पोटातल्या फटी दगडाच्या कपच्यांनी ठोकून भरा. पोटात माती टाकू नका. मातीने काम भराभर उरकते, पण पहिल्याच पावसात ती वाहून जाते, दगड सैल होतात आणि तिसऱ्या-चौथ्या थरापाशी पोट सुटते. पाचर मागून मारायची, पुढून मारलेली निसटते.

गडग्याच्या मागे ३० सेंमी जाडीचा खडीचा किंवा दगडांच्या तुकड्यांचा थर पायापासून वरपर्यंत हवाच. तो आणि माती यांच्यामध्ये पाणी झिरपू देणारे जिओटेक्स्टाइल कापड घाला. इथे विक्रेत्यांपासून पुन्हा सावध राहा: कापड म्हणून ताडपत्री किंवा काळे प्लास्टिक गळ्यात मारतात. प्लास्टिकने पाणी अडते, आणि आपल्याला ते सोडायचे आहे. वरची शेवटची २० सेंमी माती घट्ट चोपा, म्हणजे माथ्यावरचे पाणी थेट आत उतरणार नाही. भराव १५ ते २० सेंमीच्या थरांत, प्रत्येक थर हाताच्या धुम्मसाने. जेसीबी गडग्यापासून लांब ठेवा. काठावर चाक आले की ताजा गडगा बाहेर ढकलला जातो.

दहा मीटर लांब, एक मीटर उंच गडग्याला पायासह सुमारे ७ घनमीटर दगड लागतो, तूट धरून साडेसात. मागच्या थराला आणखी ३ घनमीटर तुकडे. यापेक्षा फारच कमी हिशेब कोणी दिला तर तो पातळ भिंतीचा आहे असे समजा.

दगड कोणता? पहिली पसंती आपल्याच भाटात (बागायती जमिनीत) खणताना निघालेल्या कोनेरी धोंड्यांना. त्यानंतर खाणीचा काळा दगड. व्हाळातले (ओढ्यातले) गोल गोटे नकोत. ते एकमेकांवर बसत नाहीत, घरंगळतात. चिरे चालतात, पण निवडून. ताजा काढलेला चिरा मऊ असतो, हवेत उघडा राहिल्यावर कडक होतो. त्यामुळे खाणीतून आलेला ट्रक त्याच दिवशी भिंतीत घालू नका, उन्हात काही आठवडे राहू द्या. पांढरट-पिवळ्या चिकट मातीचे खिसे असलेला चिरा बाजूला काढा, पावसात ते खिसे धुऊन जातात. हातोडीने वाजवून पाहा: खणखणीत आवाज आला तर ठेवा, बद्द आला तर परत पाठवा. चिरेवाला म्हणेल 'सगळे एकाच खाणीचे आहेत'. खाण एक असली तरी वरचा थर आणि खालचा थर एक नसतो. आणि पुन्हा सांगतो, चिरे घेतले तरी जाडी ६० ते ४० सेंमीच. एका चिऱ्याची भिंत कुंपणाला ठीक, माती अडवायला नाही.

सिमेंटमध्येच बांधकाम करायचे ठरले असेल तर ७५ मिमीचे पाइप दर दीड मीटरला, बाहेर झुकते, पहिली ओळ जमिनीपासून १५ ते २० सेंमी वर. पाइपाच्या मागच्या तोंडाशी दगडाचे तुकडे, नाहीतर महिन्याभरात मातीने बुजतात.

वेळेबद्दल स्पष्ट सांगतो. खणणे डिसेंबरनंतर, गडगा एप्रिलअखेर पूर्ण. मे महिन्यात उतार कापायला घेऊ नका. जेसीबी मे महिन्यात स्वस्त मिळतो म्हणून कापायला घेऊ नका. अर्धवट कापलेला उतार आणि पूर्वमोसमी सर एकत्र आले की खालच्याच्या बागेत माती जाते आणि भांडण वर्षभर चालते. एका वेळी तीन-चार मीटरच कापा, तेवढे बांधा, मग पुढे. उशीर झाला असेल तर यंदा फक्त वरचा चर काढा आणि गडगा पुढच्या हंगामात.

हा चर कोणी विसरू नये. गडग्याच्या वर दीड मीटरवर ३० सेंमी रुंद, ३० सेंमी खोल, शंभरास एक उतार देऊन पाणी बाजूच्या व्हाळात सोडा. सुटण्याच्या जागी दगड पसरा. पोफळींचा पाट गडग्याच्या माथ्याला लागून नेऊ नका. पाझरता पाट पावसाळ्याबाहेरही भिंत भिजती ठेवतो.

माथ्यावर वाळा लावा. पहिल्या पावसानंतर जूनमध्ये, दोन-तीन फुटव्यांचे ठोंब १० ते १५ सेंमी अंतरावर, एका ओळीत. मुळे सरळ खोल जातात, आडवी पसरून पोफळीचे खत खात नाहीत. पहिल्या वर्षी मेलेल्या जागा भरून घ्या, खंड पडलेली ओळ पाणी अडवत नाही. फणस, आंबा गडग्यापासून चार-पाच मीटर दूर. केळ काठावर नकोच, वाऱ्याने पडताना माथ्याचे दगड उपटते. आणि काठ 'स्वच्छ' दिसावा म्हणून तणनाशक फवारू नका. दुकानदार दुप्पट मात्रा सुचवतो, गवताची मुळे मरतात आणि मोकळी माती फटींतून खाली येते. कोयत्याने कापा.

फटींत साप राहतात म्हणून सिमेंट भरावे का, असे एका बागायतदाराने विचारले आहे. नको. फटी कपच्यांनी ठोका आणि पायथ्याचे गवत कापत राहा. रानडुकरे पायथा उकरत असतील तर तिथे मोठे धोंडे पुरा.

मदतीविषयी थोडक्यात: कृषी कार्ड, जमिनीचा उतारा आणि कामापूर्वीचे फोटो घेऊन काम सुरू करण्याआधी आपल्या विभागीय कृषी कार्यालयात या. कोणत्या योजनेत बसते ते तिथेच कळेल. झालेल्या कामाचे बिल घेऊन येऊ नका. परवानगीचे म्हणाल तर जुनी मेर दुरुस्त करणे वेगळे; डोंगराळ जमीन कापायला मात्र नगर व ग्रामनियोजन कायद्याच्या कलम १७अ खाली मुख्य नगरनियोजकांची पूर्वपरवानगी लागते. 'आत कोण बघायला येतो' असे जेसीबीवाला सांगतो. नोटीस जमीनमालकाच्या नावाने निघते. झाडे तोडायची असतील तर वन खात्याची परवानगी वेगळी.

पहिल्या पावसाळ्यात दर मोठ्या सरीनंतर एक फेरी मारा. खालून स्वच्छ पाणी झिरपत असेल तर गडगा काम करतो आहे. गढूळ येत असेल तर मागची माती निघते आहे. ती जागा खुणेने लक्षात ठेवा, पाऊस सरल्यावर तेवढाच भाग उतरवून पुन्हा रचा. भर पावसात दगड काढायला जाऊ नका.