जुन्या बंदुका बघायला कोणती संग्रहालयं जाण्यासारखी आहेत? ग्वाल्हेर-इंदूर-बडोद्याकडे पानिपतावरची खरी बंदूक बघायला मिळेल का?

तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग वाचला आणि राहवलं नाही. आमच्या ग्वाल्हेरच्या लष्कर नावाच्या भागात, काकांच्या वाड्यात दिवाणखान्याच्या दारावर दोन खुंट्यांवर एक ठासणीची बंदूक आहे. ‘पणजोबांच्या आजोबांनी पानिपतावरून आणली’ असं घरात प्रत्येक पाहुण्याला सांगितलं जातं. या एका वाक्यावरून आमचा जुना वाद आहे. तेव्हा आधी ती बंदूक, मग संग्रहालयं.

जुनी ठासणीची बंदूक हातात आली की साल शोधायच्या आधी ती भरलेली आहे का ते बघायचं. शंभर-दीडशे वर्षं भिंतीवर असलेल्या बंदुका भरलेल्याच निघतात, हे अजिबात दुर्मीळ नाही आणि कोरडी राहिलेली काळी दारू खराब होत नाही. एक सरळ लाकडी काठी हलक्या हाताने नळीत तळापर्यंत सोडायची, तोंडापाशी पेन्सिलीने खूण करायची. मग तीच काठी नळीच्या बाहेरून, खूण तोंडाशी जुळवून धरायची. टोक कानाच्या भोकापर्यंत, म्हणजे दारू पेटवायला नळीच्या बुडाशी बाजूला जे बारीक भोक असतं तिथपर्यंत, पोचलं तर नळी मोकळी. काकांच्या बंदुकीत ते चांगलं अडीच बोटं अलीकडे थांबलं. आत दारू, बोळा आणि गोळी तशीच होती, आणि खाली मुलं कॅरम खेळत होती.

अशा वेळी तार घालून खरवडायचं नाही, तापवायचं तर मुळीच नाही. दारूत साधारण 75 टक्के शोरा, 15 टक्के कोळसा आणि 10 टक्के गंधक असतं. शोरा पाण्यात विरघळतो आणि तो गेला की उरलेलं दारूसारखा भडका घेत नाही. म्हणून नळी तोंडापर्यंत पाण्याने भरून, तोंड माणसांपासून दूर राहील अशी, दोन दिवस उभी ठेवली आणि परवाना असलेल्या कारागिराला घरी बोलावून गोळी काढून घेतली. गोळी शिशाची, वर पांढरी बुकटी धरलेली. ती बुकटी विषारी असते, हात धुवायचे.

मग भिंग घेऊन घोड्याकडे, म्हणजे चाप ओढला की आपटतो त्या भागाकडे. ज्या लोखंडी पट्टीवर घोडा बसतो तिच्यावर, घोड्याच्या पुढे, भोकं बुजवल्याच्या गोल खुणा दिसल्या. तिथे पूर्वी रंजकाची, म्हणजे पेटवायच्या चिमूटभर दारूची, वाटी होती आणि चकमक जिच्यावर आपटते त्या पोलादी झडपेची कमान होती. नळीच्या कानात एक जाड डबी आटे पाडून बसवलेली, तिच्यावर टोपी, म्हणजे घोडा आपटला की पेटणारी इवलीशी तांब्याची वाटी, चढवायची नळकांडी. म्हणजे बंदूक जन्माला आली चकमकीची, नंतर कुणीतरी ती टोपीची करून घेतली. नळी 39 इंच, तोंडाचा व्यास व्हर्नियरने 19 मिलिमीटर. आणि पट्टीवर, घोड्याच्या बुडाशी, एक मागचा पाय आणि वर वळलेली शेपटी, शेपटीला गोंडा.

तो गोंडा मी पाच मिनिटं बघत बसलो. मागच्या पायांवर उभा, पुढच्या पायांत मुकुट धरलेला सिंह हे ईस्ट इंडिया कंपनीचं चिन्ह. कंपनीच्या बंदुकांवर ते 1808 पासून येतं. त्याआधी बदामाच्या आकारात कंपनीची अक्षरं असायची. टोपीच्या मागचं तत्त्व फोर्साइथने 1807 मध्ये पेटंट केलं आणि तांब्याची टोपी प्रचारात आली 1820 नंतर. पानिपत 14 जानेवारी 1761. इथे वादाला जागाच उरत नाही.

काका म्हणाले, ‘‘अरे, सिंह काय फक्त इंग्रजांकडेच होते?’’ मी म्हटलं, ‘‘काका, मुकुट धरलेला सिंह होता.’’ मग सिंहाचं तोंड आणि मुकुट दाखव म्हणाले, आणि तिथे माझी बोलती बंद झाली. कारण चुलत बहिणीच्या लग्नाआधी ‘जरा चमकवून घेऊ’ म्हणून ही बंदूक भांड्यांना पॉलिश करणाऱ्या दुकानात गेली होती. बफिंगच्या चाकावर पट्टी अशी घासली गेली की सिंहाचा पुढचा सगळा भाग गेला, स्क्रूच्या खाचा बोथट झाल्या, नळीवरच्या चाचणीच्या छापाची जेमतेम सावली राहिली. गंज काढता येतो, घासून गेलेला छाप कुणीही परत आणू शकत नाही. तेवढ्या दहा मिनिटांत बंदुकीचं जन्मपत्र पुसलं गेलं. हे मी काकांना तेव्हाही सांगितलं होतं आणि आज इथेही लिहितोय.

आणि खरी हकिगत काही कमी मोलाची नाही. शिंद्यांशी झालेल्या 1843 च्या लढायांनंतर इंग्रजांनी ग्वाल्हेर कंटिन्जंट, म्हणजे इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालची फौज, उभं केलं. 14 जून 1857 ला ग्वाल्हेरजवळच्या मोरारच्या छावणीत ते उठलं आणि पुढे तात्या टोप्यांबरोबर कानपूरला लढलं. कंपनीची, टोपीची केलेली बंदूक लष्करमधल्या वाड्यात सापडते, तेव्हा माझ्या मते तिचं नातं पानिपतापेक्षा मोरारशी असण्याचीच शक्यता जास्त. तिला नव्वद-शंभर वर्षं मागे ढकलून आपण काय मिळवतो?

आता तुमचा प्रश्न. ‘पानिपतावरची बंदूक’ अशी पाटी कुठेही दिसली तर आधी घोडा बघा. इब्राहिमखानाच्या गारद्यांकडे चकमकीच्या बंदुका होत्या, बाकी बहुतेकांकडे तोड्याच्या, म्हणजे जळत्या वातीने पेटवायच्या. टोपीची दिसली तर पाटी खोटी. तोड्याची बंदूक ओळखायला सोपी: पाच ते सहा फूट लांब, कुंदा सडपातळ आणि जवळजवळ सरळ, रंजकाची वाटी नळीलाच घडवलेली, नळी लाकडाला चामड्याने, तारेने किंवा पट्ट्यांनी बांधलेली. तोडा धरणारा चिमटा कुंद्याच्या खाचेतून वर येतो, बाहेर घोड्याची पट्टी नसते. कानाजवळ साखळीला बारीक सुई टांगलेली असेल किंवा तिचं घर असेल, ती कान मोकळा करायला. नळीवर सोन्याची वेलबुट्टी असेल तर झिजलेल्या जागी भिंग लावा. खाली आडव्या-उभ्या बारीक रेघा दिसल्या तर ती कोफ्तगिरी, म्हणजे रेघा पाडलेल्या पोलादावर सोन्याची तार ठोकून बसवलेली. रेघा नसतील आणि सोनं पातळ सायीसारखं पसरलेलं असेल तर बहुधा मुलामा.

ग्वाल्हेरला जयविलास राजवाड्यात शस्त्रं आहेत, जा. पण तिथली गर्दी झुंबरं आणि चांदीच्या आगगाडीसाठी असते, त्यामुळे सकाळी दार उघडताच पोचलात तरच शस्त्रांपाशी निवांत उभं राहता येतं. गूजरी महालात ग्यारसपूरच्या शालभंजिकेसाठी जा, बंदुकांसाठी नको. ग्वाल्हेरच्या तोफांचं म्हणाल तर त्यांची गोष्ट ग्वाल्हेरबाहेर आहे. महादजी शिंद्यांच्या काळात त्यांचा युरोपीय सेनानी द बॉयन्य याच्या पलटणींसाठी आग्र्याला सँगस्टर नावाच्या स्कॉटिश माणसाच्या हाताखाली तोफा ओतल्या जायच्या. 29 डिसेंबर 1843 ला महाराजपूर आणि पनियार अशा दोन लढाया एकाच दिवशी झाल्या आणि शिंद्यांच्या तोफा इंग्रजांच्या हाती गेल्या. त्यांच्या धातूतून सैनिकांना वाटायला सहा टोकांचे तारे घडवले, आणि कोलकात्याला हुगळीकाठी 1847 मध्ये ग्वाल्हेर स्मारक उभं केलं, त्यातही तोच धातू आहे. कोलकात्याला गेलात तर तिथे जरूर थांबा. आमच्या तोफा आता अशाच भेटतात.

बडोद्याला लक्ष्मीविलास राजवाड्यातलं शस्त्रागार चांगलं, पण मुख्यतः तलवारींचं. खंडेरावांच्या चांदीच्या आणि मल्हाररावांच्या सोन्याच्या तोफांबद्दल सगळे विचारतात. त्या मिरवणुकीच्या, लढाईच्या नव्हेत. इंदूरच्या केंद्रीय संग्रहालयात मूर्ती आणि नाणी मुख्य. इंदुरात असाल तर सरळ महूला इन्फंट्री म्युझियमला जा, तास-दीड तासाच्या आत पोचाल. लष्करी भाग आहे, ओळखपत्र बरोबर ठेवा.

एकच जागा निवडायची तर मी जयपूरजवळचा जयगड सांगेन. लोक जयवाण तोफेपाशी फोटो काढतात आणि परत फिरतात. 1720 ची, 50 टनांची तोफ आहे, बघायलाच हवी. पण खरा ऐवज तिथला तोफा ओतायचा कारखाना: भट्टी आणि नळीला भोक पाडायचं बैलांवर चालणारं यंत्र. तोफ कशी झाली हे समजलं की पुढे कुठलीही तोफ बघताना नजर वेगळी होते. विजापूरची मलिक-ए-मैदान तिच्यासमोर मनात उभी करून बघा. 1549 ची, अहमदनगरला ओतलेली, घंटेच्या धातूची आणि आखूड पण प्रचंड तोंडाची. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातलं शस्त्रदालन आणि हैदराबादचं सालारजंगही चांगलं.

परदेशात लीड्सचं रॉयल आर्मरीज. भारतीय शस्त्रं तिथे नीट मांडलेली आहेत आणि हत्तीचं चिलखतही आहे. प्रवेश फुकट. ऑस्ट्रियातल्या ग्रात्सचं शस्त्रागार वेगळंच. 1640 च्या दशकातली इमारत, सुमारे 32 हजार वस्तू, बंदुका जशा कोठारात रचून ठेवत तशा लाकडी मांडण्यांवर. काचेत एकेक वस्तू बघून जे कळत नाही ते तिथल्या रांगा बघून कळतं. अमेरिकेत कारखान्यातल्या बंदुकांचा प्रवास बघायचा तर स्प्रिंगफील्डचं आणि वायोमिंगमधल्या कोडी गावचं बंदुकांचं संग्रहालय.

बरोबर छोटा टॉर्च, दहापट भिंग आणि काळा रुमाल ठेवा. मोबाईलच्या कॅमेऱ्याचं भिंग काचेला टेकवून भोवती रुमाल धरला की प्रतिबिंब येत नाही. फ्लॅश नको. संग्रहालयं बहुतेक सोमवारी बंद असतात, काही इतर वारी, निघण्याआधी चौकशी करा.

हे आधीच सांगायला हवं होतं: तुमच्याही घरी अशी बंदूक असेल तर ‘जुनी आहे, परवाना कशाला’ असं समजू नका. 1959 च्या शस्त्र कायद्यातली सवलत दुरुस्त करूनही चालणार नाही अशा जुन्या हत्यारांपुरती आहे. ठासणीची असली तरी चालू स्थितीतली बंदूक परवान्यात येते. आणि शंभर वर्षांवरची वस्तू देशाबाहेर नेता येत नाही.

साफसफाईत चिंच, लिंबू, राख, पितांबरी, पॉलिशपेपर काहीही नको. खोबरेल तेलही नको, ते चिकट होऊन धूळ धरतं. मऊ ब्रशने धूळ काढा, लाल भुकटी सुटत असेल तिथेच पातळ मशीन ऑइलचं बोट फिरवून कापडाने कोरडं करा, वर मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ हात. तपकिरी, घट्ट बसलेला थर गंज म्हणून काढू नका, तो नळीचं रक्षण करतो. उघड्या बोटांनी नळी धरू नका, घामाचे ठसे पावसाळ्यात गंज होऊन वर येतात. मखमलीत गुंडाळून पेटीत ठेवू नका, ओल कोंडते.

आणि काका, चुलत बहीण तुम्हाला हे वाचून दाखवणारच आहे म्हणून लिहितो. नळीवर घोड्याच्या पुढे एका ओळीत जे पाच खड्डे आहेत ते गोळीचे नाहीत. दर दसऱ्याला त्याच पाच जागी ओल्या कुंकवाची बोटं उमटतात आणि कुंकू आठ-आठ दिवस तसंच राहतं, ओल धरून. शस्त्रपूजा करू नका असं मी कधीच म्हटलेलं नाही. पाटावर लाल कापड घाला, बंदूक त्यावर ठेवा, पुढे सुपारी मांडा आणि हळदकुंकू त्या सुपारीला वाहा. फुलं वाहिलीत तर ओली नकोत, आणि संध्याकाळच्या आत उचला.