संसार सेट घेण्याआधी

प्रिय पोरी,

तुझा मोठा मेसेज रात्री दोनदा वाचला. फोनवर अंगठ्यानं उत्तर द्यायचा हा विषय नाही, म्हणून सकाळी कागद घेऊन बसलो. काकूनं चहा आणून ठेवला होता, तोही निवून गेला.

तू लिहिलंस, "काका, दर शनिवारी आम्ही दोघं फ्लॅटसाठी काहीतरी बघायला जातो. सोफा झाला, टीव्ही झाला. येताना गाडीत बोलायला काहीच नसतं." बाकीचं सगळं, तुझ्या होणाऱ्या नवऱ्याचा स्वभाव, तुझी नोकरी, लग्नाचा खर्च, नीट वाचलं. पण मन या एका ओळीपाशीच अडकून राहिलं.

ही न बोलणारी जोडपी मी 31 वर्षं माझ्या फ्रीज-टीव्हीच्या दुकानात काउंटरच्या अलीकडून पाहिली आहेत. तिथं बिलं लिहायचीस तेव्हा तूही पाहिली आहेस. तुला ते कवठेमहांकाळकडचं गिऱ्हाईक आठवतं का? लगीनसराई होती, दोन्हीकडची मिळून दहाबारा माणसं 'संसार सेट' घ्यायला आली होती. फ्रीज, कपाट, मिक्सर, कुकर, सगळं एका बिलात. मुलगा मलाच विचारत होता, सध्या काय चालतंय म्हणून. सासू म्हणाली डबल डोअर. आणि ती मुलगी फ्रीजचं दार उघडून भाजीचा ट्रे पुढं ओढत होती, परत आत सारत होती, परत ओढत होती. तू विचारलंस, वहिनी रंग कुठला लिहू? ती म्हणाली, कुठलाही चालेल. ती मंडळी गेल्यावर तू मला म्हणालीस, "काका, तिला काहीतरी वेगळंच बोलायचं होतं." मी तुला म्हणालो, बिल पूर्ण कर. त्या दिवशी तुला जे दिसलं ते मला दिसत नव्हतं असं नाही. पण मला ते दिसून चालणार नव्हतं.

दुकानदारीत एक गोष्ट कुणी शिकवत नाही, ती आपसूक येते. समोरच्या माणसाच्या मनात काहीतरी सलत असतं. ते ओळखायचं आणि त्याला वस्तूचं नाव द्यायचं. बायको कंटाळलेली दिसली की ओव्हन दाखवायचा. पोराला वेळ देता येत नाही म्हणून बाप खजील असेल, तर त्याला मोठा टीव्ही दाखवायचा. मी हे फसवायच्या हेतूनं केलं नाही. मलाही मनापासून वाटायचं की वस्तू घरी गेली की माणसं सुखी होतील. आणि थोडी होतातच की. वॉशिंग मशीन आल्यावर ज्या बायकांच्या हातांच्या भेगा भरल्या त्या मी पाहिल्या आहेत. फ्रीजच्या भरवशावर इडलीच्या पिठाचा धंदा उभा केलेली बाई माझ्याच गिऱ्हाइकांतली. तेव्हा वस्तू घेऊच नकोस असं मी तुला कधी सांगणार नाही.

हप्त्याचं मात्र सांगतो, कारण तुम्ही सोफा आणि टीव्ही दोन्ही 'झिरो पर्सेंट'वर घेतलेत. 22,500 ला रोखीनं मिळणारा फ्रीज हप्त्यावर 24,000 ला. महिना 2,000, बारा महिने, व्याज शून्य, वर प्रोसेसिंग फी. रोखीची जी सूट बुडाली तेच तुझं व्याज. 2013 साली रिझर्व्ह बँकेनं बँकांना बजावलं होतं की शून्य टक्के व्याज असं काही नसतं, ते फीमध्ये लपवू नका. नावं बदलून योजना चालूच राहिल्या. पण पैशाचं व्याज निदान कागदावर मांडून बघता येतं.

आता माझ्या घरचं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

1998 साली काकूनं मला एकच गोष्ट मागितली होती. आठवड्यातून दोन संध्याकाळी मिरजेला जाऊन गाणं शिकायचं. सिटी बसनं जाऊन येते, स्वयंपाक करून ठेवते, म्हणाली. मी म्हणालो, दिवाळीचा सीझन जाऊ दे. आणि त्या दिवाळीला मी तिच्यासाठी पूर्ण ऑटोमॅटिक वॉशिंग मशीन घरी आणलं. आमच्या गल्लीतलं पहिलं. तिनं त्याला हळदकुंकू वाहिलं, शेजारच्या बायका बघायला आल्या. गाण्याचा विषय तिनं पुन्हा काढला नाही, आणि ती समाधानी आहे असं मी धरून चाललो. पुढं दर दिवाळीला घरात काही ना काही येत राहिलं.

मग 2019 च्या ऑगस्टचा महापूर. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाची धोक्याची पातळी 45 फूट, आणि पाणी 57 च्या वर गेलं. गावभागातलं घर बुडालं, हरभट रोडवरचं दुकानही बुडालं. आम्ही विश्रामबागला मेहुण्याकडं होतो. पाणी उतरल्यावर घरात गेलो तर वॉशिंग मशीनचा ड्रम चिखलानं गच्च भरलेला. रस्त्यावर प्रत्येक दारासमोर ढीग लागले होते, गाद्या, सोफे, टीव्ही, फ्रीज, एकावर एक. कुठला ढीग कुणाचा हे ओळखू येत नव्हतं. त्यातलं कितीतरी मीच विकलेलं होतं.

घर सोडताना काकूनं एक कापडी पिशवी काखेत धरली होती. तीत पासबुकं, रेशनकार्ड आणि एक वही निघाली. आकाशवाणी सांगलीवर ऐकून उतरवलेल्या बंदिशी. कुठं अर्धीच ओळ, कुठं नुसतं रागाचं नाव आणि तारीख. रेडिओवर एकदा ऐकून जेवढं हाताला लागलं तेवढं. 21 वर्षं ती वही पिठाच्या डब्यामागं होती आणि मी त्याच स्वयंपाकघरात रोज दोन वेळा जेवत होतो.

मी काही बोललो नाही. डिसेंबरात तिला घेऊन मिरजेला तंतुवाद्यांच्या दुकानात गेलो. तिथं पिढ्यानपिढ्या हेच काम करणारी घरं आहेत, त्यांचे पूर्वज हत्यारांना धार लावणारे शिकलगार. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 मध्ये जीआय मानांकन, म्हणजे त्या गावचीच वस्तू अशी सरकारी ओळख, मिळालं ते तू वाचलं असशील. भोपळा पंढरपूरकडून येतो, दांडी तुणीच्या लाकडाची. मी सवयीनं विचारलं, कितीपर्यंत बसेल? त्या माणसानं माझ्याकडं बघितलंही नाही. काकूला म्हणाला, "ताई, पट्टी कुठली?" तिला माहीत नव्हतं. तो म्हणाला, सा लावा. ती लाजली, मग लावला. त्यानं डोळे मिटून ऐकला, आणखी एकदा लावायला सांगितला, आणि मग केवढ्या आकाराचा तंबोरा लागेल हे सांगितलं.

पोरी, मी 31 वर्षांत एकाही गिऱ्हाइकाला आधी आवाज लाव असं म्हणालो नाही. बायकोलाही नाही.

तंबोरा हातात यायला काही महिने लागले. जवारी, म्हणजे तारेचा झणकार, काढायला तो माणूस अख्खी दुपार बसला होता. तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीवरून कानस फिरवायची, तार छेडायची, तारेखाली सुताचा दोरा केसभर पुढं सरकवायचा, पुन्हा छेडायची. एका क्षणी तीच तार अशी काही झणकारली की काकूनं माझा हात धरला.

ती तेव्हा 57 वर्षांची होती. पहिली दोन वर्षं ती बेसूर गायची, तिचं तिलाही कळायचं, तरी पहाटे बसायची. मैफल वगैरे काही नाही. पण आता ती मला 'नाही' म्हणते. मला पटत नाही असं सरळ तोंडावर सांगते. आमची भांडणं वाढली आहेत आणि बोलणंही वाढलं आहे. लग्नाच्या तेहतीस वर्षांनंतर मला ही बाई भेटली, असं मला खरोखर वाटतं.

तू लिहिलंस, "मला स्वतःसाठी जगायचंय," आणि पुढं लेहची एकटीची ट्रिप, जिम, ऑनलाइन कोर्स असं सगळं दिलं आहेस. लेहला जरूर जा. पण या यादीतली प्रत्येक गोष्ट कुणीतरी तुला विकतंय, हेही बघ. मला वेगळं विचारायचंय. दोन वर्षं वाईट जमत राहिलं तरी तू सोडणार नाहीस, असं काय आहे तुझ्याकडं? मला एक आठवतंय. बिलबुकाच्या मागच्या कोऱ्या पानांवर तू गिऱ्हाइकांचे चेहरे काढायचीस. त्या भाजीच्या ट्रेवाल्या मुलीचाही काढला होतास, नाक जरा मोठं झालं होतं. ती बिलबुकं मी जपून ठेवली होती. महापुरात गेली. त्याची हळहळ मला दुकानातल्या मालापेक्षा जास्त आहे.

आता त्याच्याबद्दल. मुलगा वाईट नाही, तुझ्या मेसेजमधूनच कळतं. त्यालाही कुणी सा लावायला सांगितलेलं नसणार. पुरुषाला लहानपणापासून एवढंच कळतं की कमवून आणून दिलं म्हणजे प्रेम केलं. मीही त्यातलाच. तो सोफा दाखवतो तेव्हा तो तुला काहीतरी सांगत असतो, फक्त त्याच्याकडं तेवढेच शब्द आहेत.

म्हणून एक शनिवार कुठंही जाऊ नका. घरी बसा. दोघांच्या पगाराच्या स्लिपा, दोघांची कर्जं टेबलावर ठेवा. तो घरी किती पाठवतो ते विचार. लग्नानंतर तू आईला दर महिन्याला पैसे देणार आहेस हे त्याला स्पष्ट सांग, आज सांग, बस्ता बांधायच्या आधी. फ्लॅटचा वीस वर्षांचा हप्ता म्हणजे वीस वर्षं न सोडता येणारी नोकरी, हे मांडून बघा. माझं मत विचारशील तर एक खोली कमी घ्या आणि संध्याकाळ मोकळी ठेवा. आणि पैशाचं सगळं संपलं की त्याला विचार, लहानपणी तो काय करत बसायचा. उत्तर यायला वेळ लागेल. मध्ये तू बोलू नकोस.

भांडण झालं तर होऊ दे. गाडीतल्या गप्प बसण्यापेक्षा मला ते चांगलं वाटतं.

बस्त्यासाठी सांगलीला येणार आहात म्हणालीस. रविवारी येऊ नका. शनिवारीच मुक्कामाला या, दोघंही. काकू पहाटे सहाला तंबोरा लावायला बसते. पावसाळ्यात सूर हलतो, जुळवायला अर्धा तास सहज जातो. तेवढ्यात चहा मी करतो. आणि येताना एक कोरी वही आण, पेन्सिल इथं आहे.

तुझा,
काका